बुद्धिबळाच्या पटावरील संख्या

संख्यांशी आमचा व्यवहार बहुधा मोजदादीपुरताच असतो. संख्या लहान असली म्हणजे तिच्याकडे आमचे लक्ष जात नाही, आणि फार मोठी असली म्हणजे तिच्या आकाराने दिपून जाऊन आम्ही तेथेच थांबतो. परंतु एखादे झाड किती उंच आहे हे कळल्याने ते आंब्याचे की चिंचेचे हे कळत नाही. त्याकरिता त्याचे पान, फूल व फळ पाहावे लागते. संख्येचेही तसेच आहे. तिची उंची एक गोष्ट आणि तिची जात दुसरी. ह्या लेखात एकच मोठी संख्या घेऊन तिची जात कशी ओळखावी, हे पाहण्याचा आमचा विचार आहे. ती संख्या अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

ही संख्या कोठून आली, ती कथा पुष्कळांच्या ऐकण्यात असेल. बुद्धिबळाचा खेळ ज्याने शोधून काढला त्याच्यावर राजा प्रसन्न झाला व त्याने त्यास हवे ते मागावयास सांगितले. त्या चतुर पुरुषाने पटाच्या पहिल्या घरासाठी गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, ह्याप्रमाणे प्रत्येक घरास मागील घराच्या दुप्पट दाणे, असे चौसष्ट घरांचे धान्य मागितले. राजास ही मागणी क्षुल्लक वाटली. पण कोठाऱ्यांनी हिशेब केला तेव्हा राज्यातील सर्व कोठारे रिकामी केली तरी ती पुरी होण्यासारखी नव्हती. ही कथा अरबी ग्रंथांतून प्रसिद्धीस आली. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान ह्याने त्या पुरुषाचे नाव सिस्सा असे दिले आहे. परंतु कथेतील संख्या त्याहून जुनी आहे. पुढे हिंदुस्थानाविषयी प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा अल्-बिरूनी ह्याने इ. स. १००० च्या सुमारास आपल्या एका ग्रंथात ती शेवटच्या अंकापर्यंत बिनचूक दिली आहे.

प्रथम तिच्या उंचीचा विचार उरकून घेऊ. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतंपासून अठरा स्थानांची नावे दिली आहेत आणि त्यांतील शेवटचे स्थान परार्ध होय. आमची संख्या वीस अंकी असल्याने ती परार्धाच्याही पलीकडे दोन स्थाने जाते. जुन्या नावांनी ती वाचावयाची झाल्यास १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लक्ष, ५१ हजार, ६१५ अशी वाचावी लागेल. गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले तर हे धान्य सुमारे ७४ हजार कोटी टन भरते. आज साऱ्या जगात मिळून वर्षास सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे आजच्या मानाने सर्व पृथ्वीचे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक त्या एका पटावर मांडावे लागेल.

ह्याच संख्येची आणखी एक कथा आहे. काशीच्या देवळात तीन खांब असून एका खांबावर लहानमोठ्या सोन्याच्या चौसष्ट चकत्या रचलेल्या आहेत. एका वेळी एकच चकती उचलावयाची व लहान चकतीवर मोठी कधीही ठेवावयाची नाही, असा नियम पाळून पुजारी त्या सर्व चकत्या दुसऱ्या खांबावर नेत आहेत, आणि ते काम संपले की जगाचा अंत होणार, अशी ती कथा सांगतात. ती काशीची मात्र नव्हे. एदुआर ल्यूका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये जे कोडे काढले, त्याभोवती ती फ्रान्समध्येच रचली गेली. कथा कल्पित असली तरी गणित खरे आहे. चकत्या हलविण्यास जितक्या खेपा लागतात त्यांची संख्या आमचीच संख्या होय, व दर सेकंदास एक खेप केली तरी त्या कामास सुमारे ५८ हजार ४०० कोटी वर्षे लागतील.

एवढी मोठी बेरीज करावी कशी? चौसष्ट ओळी लिहून बेरीज करीत बसण्याचे कारण नाही. पहिल्या दोन घरांत मिळून १ + २ = ३ दाणे, तीन घरांत ७, चार घरांत १५. प्रत्येक वेळी बेरीज ही पुढील घरातील दाण्यांहून एकाने कमी आहे. ह्याचे कारण उघड आहे. पटावर अगोदर एक दाणा उसना आणून ठेवला, तर तो व पहिल्या घरातील एक मिळून दोन होतात. ते दोन व दुसऱ्या घरातील दोन मिळून चार. ते चार व तिसऱ्या घरातील चार मिळून आठ. ह्याप्रमाणे चौसष्ट घरे संपली म्हणजे २ चा ६४ वा घात तयार होतो. उसना दाणा परत केला की आमची संख्या उरते. तेव्हा तिचे खरे नाव ‘२ चा ६४ वा घात, उणे १’ असे आहे. हा घात काढण्यासही चौसष्ट गुणाकार लागत नाहीत. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा वर्ग केला की काम झाले. एकंदर सहाच वर्ग करावे लागतात. घातांक निम्मा करून वर्ग करण्याची ही युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. छंदःशास्त्रकार पिंगल ह्यांनी वृत्तांतील लघुगुरूंचे प्रकार मोजण्यासाठी तिचा उपयोग केला आहे.

दुपटीच्या बेरजेचे एक उदाहरण ‘लीलावती’तही आहे. कोणी एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो व पुढे रोज दुप्पट देत जातो, तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले, असा तो प्रश्न आहे. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी व ६ कवड्या, असे येते. ही कवड्यांची संख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

येथवर उंचीचे झाले. आता जातीकडे वळू.

संख्येच्या शेवटी ५ असल्याने ती विषम आहे व तिला ५ ने भाग जातो. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही. म्हणून आमच्या संख्येलाही ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ती पूर्ण वर्ग असेल काय? नाही. कोणत्याही पूर्ण वर्गास ४ ने भागले असता बाकी ० किंवा १ च उरते. आमची संख्या मात्र ४ च्या पटीहून एकाने कमी असल्याने तिची बाकी ३ उरते. एवढ्या मोठ्या संख्येविषयीचा हा निर्णय मूळ काढण्याचे श्रम न करता एका ओळीत मिळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परंतु संख्येची खरी ओळख तिच्या मूळ अवयवांनी पटते. ज्या संख्येला १ व ती स्वतः ह्यांवाचून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. इतर सर्व संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनतात, व ज्या मूळ संख्यांनी एखादी संख्या बनते त्या ठरलेल्याच असतात. त्या दुसऱ्या निवडता येत नाहीत. वीस अंकी संख्येचे मूळ अवयव शोधणे हे सामान्यतः मोठे कष्टाचे काम आहे. पण येथे बीजगणितातील एक परिचित सूत्र मदतीस येते : दोन वर्गांची वजाबाकी ही त्यांच्या मुळांची बेरीज व वजाबाकी ह्यांच्या गुणाकाराइतकी असते. २ चा ६४ वा घात हा २ च्या ३२ व्या घाताचा वर्ग आहे आणि १ हा १ चा वर्ग आहे. म्हणून आमची संख्या (२ चा ३२ वा घात + १) व (२ चा ३२ वा घात − १) ह्यांचा गुणाकार झाली. ह्यांपैकी दुसऱ्या अवयवास तेच सूत्र पुन्हा लागते, त्यातून निघणाऱ्यास पुन्हा, आणि असे करीत गेले की शेवटी पुढील मांडणी हाती येते :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

ह्या सहा संख्यांत एक कुळी आहे. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा व ३२ वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळविला की ह्याच संख्या मिळतात. पहिल्या पाच मूळ आहेत. ३, ५ व १७ विषयी प्रश्नच नाही. २५७ चा निर्णय चार-पाच भागाकारांत लागतो. ६५,५३७ ला थोडा धीर लागतो. मग सहावीचे काय? तीही मूळच असेल, असे कोणासही वाटेल.

तसे वाटणारा मनुष्य सामान्य नव्हता. पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी. पण संख्याशास्त्रात त्याच्या तोडीचा पुरुष त्या काळी युरोपात नव्हता. १६४० मध्ये एका पत्रात त्याने असे मत मांडले की, ह्या कुळीतील झाडून सर्व संख्या मूळ आहेत. सिद्धता आपणांस सापडली नाही हे त्याने तेव्हाच स्पष्ट लिहिले होते. परंतु विधानाच्या खरेपणाविषयी त्यास शंका नव्हती. फर्माने सिद्धता न देता सोडलेली पुष्कळ विधाने मागाहून खरी ठरली आहेत. मग हेही खरेच असणार, असे मानणे स्वाभाविक होते. पाच उदाहरणे अनुकूल होती आणि पाठीशी फर्माचे नाव होते. अशा स्थितीत जवळजवळ नव्वद वर्षे गेली.

१७२९ मध्ये गोल्डबाख ह्याने तरुण लेओनार्ड ऑयलर ह्यास पत्र पाठवून विचारले की, फर्माचे हे विधान आपणांस ठाऊक आहे काय? ऑयलरने ते नावावर विसंबून स्वीकारले नाही व धाडसाने नाकारलेही नाही. त्याने सहावी संख्या तपासली. १७३२ मध्ये त्याने जगास दाखविले की,

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

एका भागाकाराने फर्माचे विधान कोसळले. वाचकांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. तो पाटीवर मावतो. ऑयलर ६४१ पर्यंत पोहोचला कसा, ह्याचेही उत्तर आहे. त्यानेच पुढे सिद्ध केले की ह्या सहाव्या संख्येला मूळ अवयव असलाच तर तो ६४ च्या पटीहून एकाने अधिक असला पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ ह्या होत. म्हणजे हा नियम हाती असता पाचव्या भागाकारातच सत्य समोर येते.

इतकेच नव्हे, तर प्रत्यक्ष भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे पटविता येते. ६४१ ही संख्या दोन प्रकारांनी लिहू : ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. आता ५ × १२८, म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, ही संख्या ६४१ हून एकाने कमी आहे. तिचा चौथा घात केला तर तो ६४१ च्या कोणत्या तरी पटीहून एकाने अधिक येईल, कारण उणे एकाचा चौथा घात अधिक एक असतो. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. पण ६२५ च्या ठिकाणी ६४१ − १६ लिहिता येतात, व १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. तेव्हा (६४१ ची एक पट) − (२ चा ३२ वा घात) = (६४१ ची दुसरी पट) + १. दोन्ही बाजू नीट मांडल्या की २ चा ३२ वा घात + १ ही ६४१ ची पट आहे, असे निष्पन्न होते. हे समजण्यास शाळेतील गणिताहून अधिक काही लागत नाही. आणि तरीही नव्वद वर्षे ते कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते.

६७,००,४१७ ही संख्या मूळ आहे. तेव्हा आमच्या संख्येची पूर्ण वंशावळ अशी झाली :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात मूळ अवयव, आणि कोणताही दोनदा आलेला नाही. भाजक बनविताना प्रत्येक अवयव घ्यावयाचा किंवा सोडावयाचा, असे दोनच मार्ग असल्यामुळे एकंदर भाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ होतात. ह्याहून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ज्या विधानास युरोपातील विद्वान नव्वद वर्षे मान देत होते त्याचे खंडन राजाच्या ह्या धान्याच्या हिशेबातच दडून बसले होते. अल्-बिरूनीने संख्या शेवटच्या अंकापर्यंत बरोबर लिहिली तेव्हाही ६४१ तीत होताच.

फर्माची ही कुळी खोट्या विधानापायी वाया गेली असे मात्र समजू नये. १७९६ मध्ये कार्ल फ्रीड्रिश गाउस ह्याने, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, असा शोध लावला की केवळ पट्टी व कंपास ह्यांच्या साहाय्याने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. ग्रीकांना तीन, पाच व पंधरा बाजूंचे बहुभुज काढता येत होते. सतरा बाजूंचा काढता येईल हे दोन हजार वर्षांत कोणास सुचले नव्हते. गाउसने दाखविले की बाजूंची संख्या फर्माच्या कुळीतील मूळ संख्या असेल, किंवा अशा निरनिराळ्या संख्यांचा गुणाकार असेल, तर आकृती काढता येते. विषम बाजूंच्या इतर कोणत्याही सुसम बहुभुजाविषयी ते शक्य नाही, ह्याची पूर्ण सिद्धता १८३७ मध्ये वांझेल ह्याने दिली. आता पट अर्धाच भरा. पहिल्या बत्तीस घरांत ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात व त्यांचे मूळ अवयव ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ हेच आहेत. एक वगळता ह्या संख्येचे ३१ भाजक होतात, आणि विषम बाजूंचे जेवढे बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतात असे आज ठाऊक आहे, ते बरोबर हे एकतीस. योहान हेर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात दहा वर्षे घालविली. १८९४ मध्ये पुरे झालेले ते हस्तलिखित गटिंगेन येथील विद्यापीठात जपून ठेवले आहे.

संख्यांचे आणखी एक जुने वर्गीकरण आहे. संख्येचे स्वतःहून लहान असे सर्व भाजक मिळवावेत. बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, अधिक आली तर अधिक, कमी आली तर न्यून. ६ ही परिपूर्ण, कारण १ + २ + ३ = ६. बाराच्या भाजकांची बेरीज १६, म्हणून बारा अधिक. पंधराच्या भाजकांची ९, म्हणून पंधरा न्यून. इ. स. १०० च्या सुमारास निकोमाखस ह्या ग्रीक लेखकाने हे तीन वर्ग विस्ताराने वर्णिले आहेत. आमच्या संख्येच्या लहान भाजकांची बेरीज तिच्या दहा भागांपैकी सुमारे सातच भाग भरते. तेव्हा पृथ्वीची कोठारे रिकामी करणारी ही संख्या ह्या वर्गीकरणात न्यून ठरते.

परंतु परिपूर्ण संख्या ह्याच पटावर सापडतात. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागातील छत्तिसाव्या सिद्धांतात असे सांगितले आहे की, एकापासून दुप्पट दुप्पट संख्या मांडीत जावे. त्यांची बेरीज मूळ संख्या आली की तेथे थांबावे, व त्या बेरजेस शेवटच्या संख्येने गुणावे. गुणाकार परिपूर्ण असतो. हा अक्षरशः आमचा पट होय. दोन घरांची बेरीज ३, शेवटचे घर २, गुणाकार ६. तीन घरांची बेरीज ७, शेवटचे घर ४, गुणाकार २८. पाच घरांवरून ४९६, सात घरांवरून ८,१२८ आणि तेरा घरांवरून ३,३५,५०,३३६.

मग कोणकोणत्या घरांपर्यंतची बेरीज मूळ असते? घरांची संख्या संयुक्त असेल तर बेरीज मूळ असू शकत नाही. सहा घरांची बेरीज ६३, तिला दोन घरांच्या व तीन घरांच्या, म्हणजे ३ च्या व ७ च्या बेरजेने भाग जातो, तसेच सर्वत्र. चौसष्ट ही संयुक्त असल्याने आमच्या संख्येचे भवितव्य ह्या एकाच विचाराने ठरले होते. पण घरांची संख्या मूळ असली म्हणजे बेरीजही मूळ असते काय? २, ३, ५, ७ ह्या घरांवर तसे घडते, आणि येथेही घाईने ‘होय’ म्हणावेसे वाटते. पण अकरा घरांची बेरीज २,०४७, आणि ती २३ × ८९ आहे. मारँ मर्सेन ह्या फ्रेंच धर्मपंथी साधूने १६४४ मध्ये अशा बेरजांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत बत्तिसाच्या आतील घरे बरोबर होती. पण एकसष्टावे घर निसटले होते. एकसष्ट घरांची बेरीज मूळ आहे, हे १८८३ मध्ये रशियातील पेर्वूशिन नावाच्या एका धर्मोपदेशकाने सिद्ध केले. संपूर्ण पटावर अशी घरे नऊच आहेत : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ व ६१.

ह्यांतील एकतिसावे घर पाहा. तेथपर्यंतची बेरीज २,१४,७४,८३,६४७. ही मूळ आहे, असे १७७२ मध्ये ऑयलरने सिद्ध केले. ‘लीलावती’तील दात्याच्या कवड्या हिच्याहून एकानेच कमी होत्या. आदल्या दिवशी त्याने एक कवडी दिली असती, तर भास्कराचार्यांच्या उदाहरणाचे उत्तर म्हणून हीच मूळ संख्या आली असती.

राहिला एक वर्ग. १, ३, ६, १०, १५ ह्याप्रमाणे दाणे त्रिकोणात रचता येतील अशा संख्यांस त्रिकोणी संख्या म्हणतात. आमच्या संख्येचा त्रिकोण होईल काय? संख्येची आठपट करून एक मिळविला व पूर्ण वर्ग आला, तर ती त्रिकोणी. म्हणून २ चा ६७ वा घात उणे ७ हा पूर्ण वर्ग आहे काय, असा हा प्रश्न होतो. १९१३ मध्ये श्रीनिवास रामानुजन ह्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात ह्याच जातीचा प्रश्न वाचकांपुढे ठेवला होता. २ च्या ३ ऱ्या, ४ थ्या, ५ व्या, ७ व्या व १५ व्या घातातून ७ वजा केले असता पूर्ण वर्ग येतो, असे सांगून त्यांनी आणखी घात शोधावयास सांगितले होते. येथेही पाचच उदाहरणे! आणखी एकही नाही, अशी सिद्धता नॉर्वेचा गणितज्ञ नागेल ह्याने १९४८ मध्ये दिली. तेव्हा आमची संख्या त्रिकोणी नाही, हे निश्चित झाले. पटावर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व बाराव्या घरापर्यंतच्याच बेरजांचा त्रिकोण होतो. बारा घरांची बेरीज ४,०९५, व तिच्या त्रिकोणात नव्वद ओळी असतात.

ह्या दोन प्रश्नांची तुलना उद्बोधक आहे. फर्माजवळ पाच उदाहरणे होती व तीच रीत पुढे सर्वत्र चालेल असे त्याने मानले. सहावे उदाहरणच उलटले. रामानुजनांजवळही पाच उदाहरणे होती. सहावे निघालेच नाही. दोघेही असामान्य बुद्धीचे पुरुष. केवळ उदाहरणांकडे किंवा नावांकडे पाहून ह्या दोहोंतील भेद कोणासही सांगता आला नसता. तो सिद्धतेनेच उघड झाला.

फर्माच्या कुळीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ६५,५३७ नंतर त्या कुळीत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पुढील ज्या ज्या संख्यांचा निर्णय लागला त्या सर्व संयुक्त ठरल्या. त्यांपैकी एक पन्नास लाखांहून अधिक अंकांची असून ती संयुक्त आहे हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. परंतु तिचा एकही अवयव अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. परिपूर्ण संख्यांतही सम तेवढ्याच ठाऊक आहेत. विषम परिपूर्ण संख्या आहे किंवा नाही, हा युक्लिडच्या काळापासूनचा प्रश्न अजून उभाच आहे.

आणि आमची संख्या आज राजाच्या दरबारातून उठून घरोघर आली आहे. संगणक केवळ ० व १ ह्या दोन अंकांनी लिहितो. त्याच्या लिपीत ती संख्या म्हणजे ओळीने मांडलेले चौसष्ट एक होत. आजचे बहुतेक संगणक चौसष्ट स्थानांचे असल्याने एका दमात लिहिता येणारी त्यांची सर्वांत मोठी संख्या हीच. तिच्या अवयवांपैकी ६५,५३७ हा गुप्त संदेश पाठविण्याच्या रीतीत नित्य वापरला जातो, आणि त्या रीतीची सारी सुरक्षितता मोठ्या संख्येचे अवयव शोधणे कठीण असते ह्या एकाच गोष्टीवर उभी आहे.

विद्यार्थिमित्रांनी ह्या संख्येविषयी आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असे आमचे म्हणणे नाही. कागद व पेन्सिल घेऊन पाच वर्ग करावेत, त्यात एक मिळवावा, आणि ६४१ ने भाग द्यावा. बाकी शून्य उरली की जे सत्य एका थोर गणितज्ञाच्या नजरेतून निसटले, ते त्यांच्या स्वतःच्या हातांनी त्यांच्यापुढे येईल. मग ते कोणी सांगितले, हा प्रश्नच राहणार नाही.